आंतलें स्नान आणि बाहेरचें स्नान

नीतिशास्त्राचे प्रश्न पुस्तकांत जितके स्वच्छ दिसतात तितके ते व्यवहारांत क्वचितच दिसतात. व्यक्तीचा हक्क एका बाजूस व समाजाचें हित दुसऱ्या बाजूस अशी मांडणी करून वर्गांत तासाभराच्या आंत निकाल देतां येतो. आम्ही स्वतः असे निकाल पुष्कळ वर्षें देत आलों आहों, आणि परीक्षेच्या वेळीं विद्यार्थ्यांकडून ते जसेच्या तसे परतहि घेत आलों आहों. परंतु गेल्या नोव्हेंबरांत जपानांतील किनोसाकी या ऊन पाण्याच्या झऱ्यांच्या गांवीं आम्हीं एक दिवस काढला, आणि तेथें याच प्रश्नाला आम्हांस अंगावरचीं सर्व वस्त्रें उतरवून सामोरें जावें लागलें. तेव्हां मात्र निकाल तितक्या लौकर देतां येईना.

कोबे शहरीं आमचा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त राहतो. आमच्या हातीं मोकळा असा एकच दिवस होता. त्यानें जलद गाडीचीं तिकिटें काढण्याची तयारी दाखविली; पण प्रत्येक स्टेशनावर थांबणाऱ्या गाड्यांनींच जावयाचें हा आमचा हट्ट त्यानें गुरुदक्षिणा समजून मान्य केला. हिमेजीहून उत्तरेकडे निघणारा फांटा प्रथम भातशेतांतून जातो. तेरामाए येथें डोक्यावरची विजेची तार संपते, आणि तेथून पुढें डिझेलवर चालणारी लहानशी गाडी डोंगरांत शिरते. वाटेंत इकुनो हें चांदीच्या जुन्या खाणीचें गांव लागतें. पुढें ताकेदा येथें डोंगरमाथ्यावर पडक्या किल्ल्याचे दगडी तट आहेत, आणि सह्याद्रीच्या सावलींत वाढलेल्या माणसाची मान तेथें आपोआप वर होते. वादायामा येथें गाडी बदलून सान-इन मार्गावर यावें लागतें. डब्यांत शाळकरी मुलें, पिशव्या सांभाळीत बसलेल्या वृद्ध बाया, आणि एका कोपऱ्यांत आम्ही दोघे. त्या बाजूस अशी म्हण आहे कीं, जेवणाचा डबा विसरला तरी चालेल, पण छत्री विसरूं नये. कोंकणांत पाय ठेवलेल्या कोणासहि ही म्हण समजावून सांगावी लागणार नाहीं. तोयोओका मागें पडलें, उजव्या हातास मारुयामा नदीचें रुंद, संथ पात्र आलें, आणि पावसाची भुरभुर सुरू झालीच. नदीच्या पलीकडच्या तीरावर गेन्बुदो नांवाची काळ्या दगडाच्या षट्कोनी खांबांची गुहा आहे. आमच्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचाच हा सगोत्र. १९२६ सालीं मात्सुयामा मोतोनोरी या शास्त्रज्ञास त्या दगडांतलें चुंबकत्व उलट दिशेचें आढळलें, व पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव एके काळीं आजच्या उलट असावेत या विचाराला त्यामुळें बळ मिळालें. असो, आमचा विषय दगडाचा नव्हे, पाण्याचा आहे.

किनोसाकी हें ह्योगो प्रांताच्या उत्तर टोकास, जपानी समुद्रापासून थोड्याच अंतरावर, एका अरुंद दरींत वसलेलें आहे. मधून ओतानी नांवाचा ओढा वाहतो. त्याच्या दोन्ही कांठांवर वाळुंजाचीं झाडें, वर कमानदार दगडी पूल आणि मागें लांकडी दुमजली-तिमजली निवासगृहें अशी गांवाची रचना आहे. झऱ्याच्या उगमाविषयीं दोन कथा सांगतात. एका कथेप्रमाणें एक जखमी करकोचा येथल्या पाण्यांत पाय बुडवून बरा झाला, आणि त्यावरून माणसांना झरा कळला. दुसरीप्रमाणें दोची शोनिन नांवाच्या बौद्ध साधूनें लोकांच्या रोगपरिहारार्थ एक हजार दिवस प्रार्थना केली, तेव्हां इ. स. ७२० मध्यें हें ऊन पाणी वर आलें. पूर्वीं येथें येणाऱ्यानें प्रथम डोंगरावरील ओन्सेन-जी या मंदिरांत दर्शन घ्यावें, तेथून पाणी घेण्याची पळी घ्यावी, आणि मगच स्नानास जावें, असा परिपाठ होता. शिगा नाओया हा कथालेखक तोकियोंत आगगाडीचा धक्का लागून जखमी झाला, तेव्हां १९१३ सालीं तो येथेंच बरा होण्यासाठीं येऊन राहिला. पुढें १९१७ सालीं त्यानें या मुक्कामावर लिहिलेली लहानशी कथा जपानी वाचक अद्याप विसरलेले नाहींत.

गांव आपलीं सार्वजनिक स्नानगृहें सात मानतें. त्यांस 'सोतोयु', म्हणजे बाहेरचें स्नान, असें म्हणतात. निवासगृहांत उतरलेला पाहुणा खोलींत सामान ठेवतो, 'युकाता' नांवाचा सुती झगा अंगावर चढवितो, लांकडी खडावा पायांत घालतो, आणि रस्त्यानें खटखट करीत या स्नानगृहांतून त्या स्नानगृहांत हिंडतो. गांवचे लोक सांगतात कीं, आमचें सारें गांव मिळून एकच निवासगृह आहे. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर गांव हा एक वाडा. स्टेशन ही त्याची देवडी, रस्ता ही ओसरी, निवासगृहें या खोल्या, आणि सातहि स्नानगृहें मिळून त्या वाड्याची न्हाणी. आमच्यासारख्या पॅसेंजर गाडीनें सकाळीं येऊन सायंकाळीं परतणाऱ्या पाहुण्यास या वाड्यांत खोली मिळत नाहीं. पण दारावर थोडे पैसे मोजले कीं न्हाणी मिळते, आणि ती लक्षाधीशाला मिळते तीच मिळते. अंगावर गोंदलेल्या माणसास जपानांतील पुष्कळ स्नानगृहें दारांतूनच परत पाठवितात. येथें तीहि आडकाठी नाहीं.

ही व्यवस्था आपोआप टिकली असती तर आम्हीं तिच्यावर एक ओळहि लिहिली नसती. २३ मे १९२५ रोजीं या भागांत मोठा भूकंप झाला. मध्यान्हीच्या आधीं चुलीं पेटलेल्या असतांना घरें कोसळलीं, आग लागली, आणि गांव जवळजवळ सबंध जळून गेलें. एकट्या किनोसाकींत अडीचशेंहून अधिक माणसें मेलीं. लोकांनीं राखेवर पुन्हा गांव उभारलें. रस्ते रुंद केले, ओढ्याचे कांठ दगडानें बांधले, आगीस अडसर म्हणून मधून मधून काँक्रिटच्या इमारती घातल्या, आणि सार्वजनिक स्नानगृहेंहि पुन्हा बांधलीं. हें काम चालू असतांनाच १९२७ सालीं एका निवासगृहाच्या मालकानें आपल्या आवारांत पाहुण्यांसाठीं ऊन पाण्याचें स्नानगृह काढलें. 'उचियु', म्हणजे आंतलें स्नान. गांव खवळलें. झऱ्यांवर समस्त गांवाचा हक्क आहे, एकट्यानें ते घरांत नेतां कामा नयेत, असें गांवाचें म्हणणें. प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि दरम्यान एक महायुद्ध होऊन गेलें तरी मिटलें नाहीं. १९५० सालीं समेट झाला. झऱ्यांचा कारभार गांवाच्या सामाईक मालमत्तेची संस्था पाहील, निवासगृहांस आंतलें स्नान ठेवतां येईल, पण तें मर्यादित आकाराचें असावें, अशी तडजोड ठरली. आजहि तेथील निवासगृहांतलीं स्नानकुंडें लहान असतात, व पाहुणे बाहेर पडतात तें त्यामुळेंच.

आतां प्रथमदर्शनीं आमची सहानुभूति त्या मालकाकडे वळली हें कबूल केलें पाहिजे. त्याच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे. पाहुण्यांत वृद्ध असतात, संधिवातानें जखडलेले असतात. हिंवाळ्यांत त्या दरींत बर्फ पडतें, आणि अशा रात्रीं आजारी माणसानें खडावा घालून रस्त्यावर कां जावें? त्यानें बाहेरचें स्नानगृह बंद केलें नव्हतें, कोणास तेथें जाण्याची मनाई केली नव्हती. आपल्या घरांत आपल्या पाहुण्याची सोय करणें हा जर अपराध असेल तर सद्गृहस्थ म्हणावें तरी कोणास? मिल्लच्या अनुयायास विचारलें तर तो म्हणेल कीं, दुसऱ्यास इजा न करतां मनुष्य जें करतो त्यांत समाजानें हात घालूं नये. गांवाच्या बाजूचें सरळ उत्तर असें कीं, झऱ्याचें पाणी अमर्याद नाहीं. प्रत्येकानें आपापल्या अंगणांत ओढून नेलें तर मूळ झरे आटतील. हें उत्तर खरें आहे, पण तें पाणक्याचें उत्तर आहे. उद्यां कोणी दहा हजार हात खोल जाऊन विपुल पाणी काढलें तर मग हरकत नाहीं काय? आम्हांस वाटतें, तरीहि होती. आणि ती कां होती हें आम्हांस त्या दिवशीं न्यायशास्त्रांतून कळलें नाहीं, दुसऱ्याच रीतीनें कळलें.

पाणी कोणाचें, या प्रश्नावर पूर्वजांनीं कांहीं थोडा विचार केलेला नाहीं. जस्टिनियन बादशहाच्या कायदेग्रंथांत वायु, वाहतें पाणी आणि समुद्र हीं निसर्गतःच सर्वांचीं मानलीं आहेत. आमच्या धर्मशास्त्रांत तळें बांधणाऱ्यानें त्याचा 'उत्सर्ग' करावा, म्हणजे आपलें स्वामित्व सोडून तें सर्व भूतांस अर्पण करावें, असा विधि आहे. याज्ञवल्क्यस्मृतींत तर एक फार मार्मिक नियम आहे: दुसऱ्याच्या जलाशयांत स्नान करावयाचें झाल्यास आधीं त्यांतून मातीचे पांच गोळे बाहेर काढावे, मग उतरावें. टीकाकार त्याचा अर्थ पापाच्या हिशेबांत लावतात. आम्हांस त्यांत साधा शहाणपणा दिसतो. सामाईक सुखांत उतरणाऱ्यानें अगोदर थोडा गाळ उपसावा. किनोसाकीच्या स्नानगृहांत शिरल्यावर बुटक्या बैठकीवर बसून आधीं सर्वांग साबणानें स्वच्छ धुवावें लागतें, आणि नंतरच सामाईक पाण्यांत पाय टाकावयाचा. तेथें कोणी पहारेकरी नसतो. तो नियम पाहतांना आम्हांस त्या पांच गोळ्यांची आठवण झाली.

परंतु तेथवर पोंचण्यापूर्वीं एक लाजिरवाणी गोष्ट घडली ती सांगितलीच पाहिजे. गोशो-नो-यु या स्नानगृहाच्या दारीं आम्ही जोडे काढले, आंत गेलों, आणि कपडे ठेवण्याच्या खोलींत दहा-बारा माणसें निःसंकोचपणें दिगंबर वावरत आहेत हें पाहून कांहीं तरी निमित्त सांगून परत बाहेर आलों. विद्यार्थ्यास म्हटलें, "पाणी फार कढत असावें." तो बिचारा समजला. म्हणाला, "सर, कुटुंबासाठीं स्वतंत्र स्नानाची खोली भाड्यानें मिळते अशीं निवासगृहें आहेत. चौकशी करूं का?" त्या क्षणीं आम्हांस त्या १९२७ सालच्या मालकाविषयीं अतिशय जिव्हाळा वाटला. आम्ही रस्त्याच्या कडेला, नुसते पाय बुडविण्यासाठीं केलेल्या ऊन पाण्याच्या कुंडांत पाय सोडून बसलों, आणि संकोचाचें पृथक्करण करूं लागलों. केवळ शरीराची लाज म्हणावी तर ती सर्वांसच असते. आमच्या लाजेंत आणखी कांहीं होतें. कपडे काढले म्हणजे आमची पदवी, आमचा चष्मा, आमचें वय मानाने सांगणारा आमचा लोकरी कोट, यांपैकीं कांहींच आंत नेतां येणार नव्हतें. आपण कोण आहों हें सांगण्याचें एकहि साधन न ठेवतां परक्यांच्या पाण्यांत बसणें, ही भीति होती. समतेवर व्याख्यानें देतांना ती आम्हांस कधीं जाणवली नव्हती, कारण व्याख्यान उंच व्यासपीठावरून द्यावयाचें असतें.

पुढें कोनो-यु या, गांवांतील सर्वांत जुन्या मानल्या जाणाऱ्या स्नानगृहांत आम्ही अखेर गेलों. करकोच्याची कथा सांगतात ती याच ठिकाणची. हा पक्षी जपानच्या रानांतून १९७१ सालीं नाहींसा झाला होता, व २००५ सालापासून याच परिसरांत तो पुन्हा सोडण्यांत आला. तेव्हां लाज सोडून परत येणारे आम्हीच पहिले नव्हतों. पाणी खरोखरच कढत होतें, आणि जिभेला किंचित् खारट. आम्हीं पंचा हातांत धरूनच पाण्यांत बुडविला. शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनीं कांहीं न बोलतां स्वतःच्या डोक्यावरच्या घडी केलेल्या पंचाकडे बोट दाखविलें. आम्हीं आमचा पिळून डोक्यावर ठेवला. त्यांनीं मान हलविली व थोडें सरकून जागा करून दिली. एवढाच संवाद. ते कोण होते, कोळी होते कीं कारखानदार, हें आम्हांस कळलें नाहीं; त्यांनाहि आमच्याविषयीं कळलें नाहीं. दहा मिनिटांनीं एक तरुण बाप दोन वर्षांच्या मुलाला घेऊन उतरला, आणि पोर रडूं लागतांच कुंडांतल्या चारहि बाजूंच्या परक्या माणसांनीं त्याच्याकडे पाहून तोंडें वेडींवांकडीं केलीं.

तेथें बसल्या बसल्या गांवाचें म्हणणें आम्हांस पटूं लागलें. आंतलें स्नान करणारा बाहेरच्यांचें पाणी नेत नसेल; पण तो स्वतःला नेतो. ज्याच्या घरीं न्हाणी आहे तोहि जोंवर बाहेर येतो तोंवर बाहेरच्या न्हाणीची फरशी स्वच्छ राहते, छप्पर गळूं लागलें तर दुसऱ्या दिवशीं बोभाटा होतो. ज्याच्या शब्दाला वजन आहे तो येईनासा झाला कीं तें स्थान नुसतें नाइलाजाचें होतें, आणि नाइलाजाच्या स्थळाकडे कोणी लक्ष देत नाहीं. कोणी म्हणेल, ही तर सक्तीची नीति झाली. कुंडें मुद्दाम लहान ठेवावयाचीं, लोकांनीं बाहेर यावें अशी योजना करावयाची, आणि मग त्यास बंधुभाव म्हणावयाचें! आक्षेप खरा आहे. पण आमच्या बहुतेक सद्गुणांचा इतिहास तपासला तर तेहि मुळांत कोणीतरी आखलेल्या योजनाच निघतील असा आमचा संशय आहे. फरक एवढाच कीं त्यांच्या तंट्याचे कागद आतां उपलब्ध नाहींत.

१९२७ हें साल मराठी वाचकाच्या कानीं पडलें म्हणजे त्यास दुसरें एक पाणी आठवल्यावांचून राहणार नाहीं. त्याच वर्षीं २० मार्च रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले. मुंबईच्या कायदेकौन्सिलनें १९२३ सालीं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव केला होता, महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं तळें खुलें केलें होतें. पण कागदावर उघडलेलें पाणी ओंजळींत येत नव्हतें. सत्याग्रहानंतर तळ्याची 'शुद्धि' करण्यांत आली, पुढें नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला, आणि स्पृश्यांतील कांहींजण न्यायालयांत गेले तेव्हां त्यांचें म्हणणें असें होतें कीं तळें सार्वजनिक नाहींच, तें आमचें खाजगी आहे. मुंबई हायकोर्टानें मार्च १९३७ मध्यें तें म्हणणें फेटाळलें. दोन्ही तंटे एका तागडींत घालण्याची आमची इच्छा नाहीं. किनोसाकींत भांडण सोयीचें होतें. महाडांत तें माणसाच्या माणूसपणाचें होतें, आणि ज्या वर्गानें तेथें दार लाविलें त्यांतच आमचा व या मासिकाच्या पुष्कळशा वाचकांच्या आज्या-पणज्यांचा संसार झाला. सर्व भूतांस पाणी अर्पण करणारा उत्सर्गविधि ज्यांनीं मंत्रांसह पाठ केला होता त्यांनींच भूतांची यादी आंखडून घेतली. महाडाजवळच सव येथें ऊन पाण्याचे झरे आहेत. ते जमिनींतून वर येतांना कोणाची जात विचारीत आले नव्हते.

ती गोष्ट आमच्या पूर्वजांची म्हणून सोडून देतां येईल, पण पुढची आमची स्वतःची आहे. आमच्या लहानपणीं आळीच्या टोकाला नगरपालिकेचा एक नळ होता. वकिलांच्या घरची कळशी व शिंप्याच्या घरची घागर तेथें एका रांगेंत असे. पाणी उशिरां आलें कीं वकीलसाहेब स्वतः कचेरींत जाऊन ओरडत. मग एकेक करून घरोघर नळ आले; आमच्या घरीं आला त्या दिवशीं आईनें नळाला हळदकुंकू वाहिलें. आळीचा नळ पुढें तीन-चार वर्षें होता. त्याची तोटी कधीं मोडली, त्याखालीं शेवाळ केव्हां धरलें, शिंप्याच्या बायकोनें पाणी कोठून आणलें, यांतलें आम्हांस कांहींच आठवत नाहीं. आठवण्याचें कारणच उरलें नव्हतें. आम्हीं त्या नळाचें कांहीं चोरलें नव्हतें. शाळेविषयीं, दवाखान्याविषयीं, सार्वजनिक वाचनालयाविषयीं हेंच सांगतां येईल. सरकारी शाळा वाईट म्हणून आम्हीं मुलें काढून घेतलीं, कीं आम्हीं मुलें काढून घेतलीं म्हणून शाळा वाईट झाली, या वादांत आमच्या दिवाणखान्यांत अनेक संध्याकाळी सुखानें गेल्या आहेत.

जपानी लोक या बाबतींत देव आहेत असेंहि नाहीं. ज्या डिझेल गाडीनें आम्ही डोंगर ओलांडला तिचीच गोष्ट घ्या. २०२२ सालीं तेथील रेल्वे कंपनीनें ज्या टप्प्यांवर दररोज सरासरीनें दोन हजारांहून कमी प्रवासी असतात त्यांचे जमाखर्च प्रसिद्ध केले. तेरामाए ते वादायामा हा टप्पा त्या यादींत होता, आणि किनोसाकीहून पुढें समुद्राकांठानें जाणारा टप्पाहि होता. ज्यांना मोटारी घेणें शक्य झालें ते आगगाडींतून उतरले. राहिलीं शाळकरी मुलें आणि म्हाताऱ्या. मोटार हें एक प्रकारचें आंतलें स्नानच आहे, आणि तें लहान ठेवावें असा समेट त्यांनाहि कोठें करतां आलेला नाहीं.

परततांना पाऊस थांबला होता. तोयोओकाला शाळेचीं मुलें चढलीं, पुढें एकेका स्टेशनावर उतरत गेलीं, आणि वादायामाला गाडी बदलल्यावर डब्यांत आम्ही दोघे व एक वृद्ध बाई एवढींच उरलों. बाहेर काळोख, आंत दिवे. डोंगरांतलें एकेक स्टेशन आलें कीं दार उघडे, कोणी चढत नसे, दार पुन्हा लागे. आमचा ओला पंचा खिडकीजवळच्या आंकड्यावर टांगला होता. विद्यार्थी बराच वेळ घड्याळाकडे पाहत होता. मग तो म्हणाला, "सर, पुढच्या खेपेस याल तेव्हां मी मोटार घेतलेली असेल. निम्म्या वेळांत जाऊन येऊं." आम्ही "छान" म्हणालों, आणि पंचा वाळला आहे काय तें पाहिलें.